वरचे पाणी

मी वाराणसीत साडेचार वर्षे राहिले. त्या काळात नुसते 'येते हं' म्हणून मला एकदाही घराबाहेर पडता आले नाही. घरमालक उंबरठ्याला लागून खुर्ची टाकून बसलेले असत. "काका, विद्यापीठात चालले, सहापर्यंत परत," असे मी म्हणायचे. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "विद्यापीठ. सहा." त्यावर मी "बरोबर" म्हणायचे आणि मगच त्यांचा आडवा पाय उंबरठ्यावरून निघायचा. पहिल्या आठवड्यात मी हे 'बरोबर' गाळून पाहिले. पाय हलला नाही.

"सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यानं ऐकलं, एवढ्यावर गाडी सोडत नाहीत," ते म्हणाले. "ऐकणाऱ्यानं परत बोलून दाखवायचं. सांगणाऱ्यानं हामी भरायची. तेव्हा लाईन क्लिअर."

"पण मी गाडी नाही, काका."

"गाडीला तरी ब्रेक असतो."

ते रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते आणि निवृत्तीनंतरही त्या नोकरीतून पूर्णपणे बाहेर आले नव्हते. वडील बालाजी घाटाच्या आसपास महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करीत. आजोबाही तेच करीत. यांनी मात्र पंचांग बाजूला ठेवून तारा, बॅटऱ्या आणि दिवे हाती घेतले. त्यावर घरात मोठे वादळ झाले असणार, पण त्याविषयी ते फक्त एवढेच सांगत, "वडील म्हणाले, मंत्र चुकला तर पितर अडकतात. मी म्हटलं, सिग्नल चुकला तर जिवंत माणसं अडकतात. मग ते काही बोलले नाहीत."

त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. रसायनशास्त्रात संशोधन करायला आले होते. पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करणे हा माझा विषय. त्यामुळे काका मला नावाने कधी हाक मारीत नसत. 'पाणीवाली' म्हणत. "ए पाणीवाली, जरा थांब" असे ते म्हणाले की माझी किमान वीस मिनिटे जाणार हे ठरलेले असे, आणि त्या वर्षांत माझ्याकडे वीस मिनिटे कधीच नसायची. मला वेळेआधी प्रबंध संपवायचा होता, परदेशात पुढची जागा मिळवायची होती आणि वर्गातल्या कुणाच्याही आधी मिळवायची होती. हे मी कुणापासून लपवीत नव्हते.

माणसांचे वर्गीकरण करायची मला सवय आहे. काकांचे ते कधी जमले नाही. नदीत कुठले नाले कुठे पडतात हे त्यांना तोंडपाठ होते, त्यामुळे ते गंगेचे पाणी पीत नसत. तरीही रोज सकाळी देवघरातल्या गडूतले पळीभर गंगाजल ते पिण्याच्या माठात टाकीत. बनारसमध्ये जन्म जाऊनही त्यांनी पान कधी खाल्ले नाही, कारण "सिग्नलवाल्याचं तोंड रिकामं पाहिजे, केव्हा बोलावं लागेल सांगता येत नाही." मी एकदा सरळ विचारले, "काका, त्या एका पळीनं काही होतं असं तुम्ही मानता की नाही?" त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखे पाहिले. "दिव्याला कुणी विचारतं का, तू लाल रंग मानतोस की नाही? लाल लागला की थांबायचं. बस."

या उत्तराचा अर्थ मी तेव्हा लावला नाही. आता लावायचा प्रयत्न करते, तर तो दर वेळी वेगळा लागतो.

घरात त्यांची धाकटी बहीण होती. त्यांना सगळे माई म्हणत, मीही म्हणे. पती गेल्यावर त्या भावाकडे आल्या होत्या. त्यांना पित्ताचा जुना त्रास होता. जेवण झाले की छाती जळे आणि त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसत. त्या तशा बसल्या की काका बेचैन होत, पण ते दाखवायची त्यांची रीत निराळी होती. ते माईंवर ओरडत. "किती वेळा सांगितलं, मिरची टाकू नकोस! कुणी ऐकेल तर शपथ!"

"मिरची तुलाच लागते रे दादा," माई डोळे न उघडता म्हणत.

अल्कलाईन पाण्याचा प्रवेश या घरात माईंच्या या जळजळीमुळे झाला. शेजारच्या घरी एक तरुण विक्रेता भिंतीवर लावायचे यंत्र घेऊन आला होता आणि गल्लीतल्या चार घरांना त्याने प्रात्यक्षिकाला बोलावले होते. रविवार होता, म्हणून मीही गेले. त्याने नळाच्या पाण्यात कसलासा थेंब टाकला, ते हिरवट पिवळे झाले. यंत्रातून आलेल्या पाण्यात तोच थेंब टाकला, ते जांभळे झाले. सगळ्या रोगांचे मूळ शरीरातल्या आम्लात आहे, हे जांभळे पाणी आम्ल मारते आणि पित्त तर महिन्यात जाते, असे तो हिंदीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता. जठरात मुळात आम्ल असावेच लागते, असे मी म्हणणार होते. पण काका आधी बोलले.

"खोलकर दिखाइए."

"खोलने से वारंटी चली जाएगी, चाचाजी."

"म्हणजे आत काय आहे ते यालाही माहीत नाही," काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. "जे उघडून बघता येत नाही, त्यावर मी गाडी सोडत नाही." आणि उठले. मला वाटले, विषय संपला. त्यांच्याविषयी मला तेव्हा आदरही वाटला.

संध्याकाळी मी परतले तेव्हा ते पानवाल्याकडून कळीचा चुना घेऊन आले होते आणि एका मडक्यात तो भिजत घातला होता. दुसऱ्या दिवशी वर निवळी जमली. ती निवळी ते पिण्याच्या माठात पेल्याने टाकू लागले आणि दर पेल्यानंतर एक कागदाची पट्टी पाण्यात बुडवून पाहू लागले. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून त्यांनी त्यांना हळद चोळली होती. पिवळी पट्टी विटकरी लाल झाली तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवला.

"हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे माझ्या आजीला माहीत होतं. त्या यंत्रवाल्याला नाही," ते म्हणाले. "रंगच बदलायचा होता ना? बदलला."

रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही चूक नव्हती. मला हसूही आले आणि चीडही आली. तो माणूस अंधश्रद्ध असता तर मी एका वाक्यात त्याला उडवून लावले असते. पण त्याच्याकडे रंग बदलणारा दर्शक होता, निरीक्षण होते आणि तुलनेसाठी त्याने साध्या पाण्यातली पट्टीसुद्धा वाळवून ठेवली होती. फक्त त्याचा प्रश्नच चुकीचा होता.

पंधरा दिवसांत माईंची जळजळ कमी झाली.

आता हे मी कसे समजावून घ्यावे? माई खोटे बोलत नव्हत्या. काका आता दर दोन तासांनी त्यांना पेलाभर पाणी नेऊन देत आणि त्या पिऊन होईपर्यंत समोर बसून राहत. ओरडणे थांबले होते. मिरचीही कमी झाली होती. यातल्या कशाचा परिणाम झाला हे सांगायला नियंत्रित प्रयोग लागला असता. मी तो केला नाही. मी एवढेच म्हटले, "हा मनाचा परिणाम आहे, काका."

"आणि मन कुठे असतं? शरीरातच ना? का तुझ्यासारखं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतं?"

माई पदर तोंडाला लावून हसल्या. "दादाचं डोकं फिरलंय, पण पाणी चांगलं आहे हो. तू पण पी."

मी प्यायले नाही. घरातले इतर भाडेकरू मात्र पिऊ लागले, मग दोन शेजारी बाटल्या घेऊन येऊ लागले. एक माठ पुरेना, म्हणून दुसरा आला. इतकी माणसे पितात म्हटल्यावर काकांमधला इन्स्पेक्टर जागा झाला आणि त्यांनी मला बाहेरच्या तपासणीसाठी पाचारण केले. स्वतः तपासलेल्या सिग्नलवर स्वतःच सही करायची नसते, असा त्यांचा नियम होता.

मला दुसऱ्या दिवशी एका परिषदेला निघायचे होते. तरीही मी नमुना घेतला, कारण तो घेऊन टाकला की वाद कायमचा मिटेल असा माझा हिशेब होता. प्रयोगशाळेतली बाटली तीनदा विसळली, माठातले पाणी तिच्यात घेतले, प्रयोगशाळेत ते निवळू दिले, गाळले आणि मग मोजले. सामू नऊच्या थोडा वर होता. आणि गंमत म्हणजे कॅल्शियम नळाच्या पाण्यापेक्षा कमी होते.

हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा चक्रावले. "चुना टाकल्यानं पाण्यातला चुना कमी झाला?"

"हो. इथलं पाणी जड आहे. निवळी टाकली की पाण्यातला चुना आणि तुमचा चुना, दोघांचा मिळून खडू बनतो आणि तळाला बसतो. वरचं पाणी मऊ होतं. मोठ्या जलशुद्धीकरणात हेच करतात."

"दोघांचा मिळून," ते म्हणाले. "तळाला."

"बरोबर," मी म्हटले. घाईत होते.

त्यांनी मला लिहून द्यायला लावले. मी वहीचा कागद फाडून लिहिले: 'नमुना तपासला. पिण्यास हरकत नाही.' खाली नाव, सही. त्यांनी तो कागद कणकेची खळ लावून माठाच्या वर भिंतीला चिकटवला. माझ्या सहीने कुठेतरी लटकलेला तो पहिला कागद. येता-जाता तो दिसला की मला बरे वाटायचे, हेही कबूल करायला हवे.

त्या कागदावर तपासले एवढेच लिहिले होते. काय तपासले नाही ते लिहिलेले नव्हते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी नमुना गाळतो, कारण गाळलेल्या पाण्यात काय आहे हे त्याला हवे असते. गाळणकागदावर जे उरते ते कचऱ्यात जाते. माठाच्या तळाशी रोज पेजेसारखा पांढरा साका बसत होता आणि तो मोरीत जात असणार असे मी धरून चालले. मला विचारावेसेही वाटले नाही.

तो मोरीत जात नव्हता. सकाळची ती पळी माठात पडली की माठातले सगळे पाणी तीर्थ होत असे, आणि त्या घरात तीर्थ मोरीत ओतीत नसत. वडिलांचे विधी सोडून दिलेल्या माणसाने त्यातली एवढी एकच गोष्ट का धरून ठेवली, कोण जाणे. त्या पळीने पाण्याचे रसायन तिळमात्र बदलत नव्हते, म्हणून मी ती माझ्या विचारातून वगळली होती. पण साक्याचे पुढे काय करायचे हे तिनेच ठरवले होते. काकांनी तो आधी तुळशीला घातला. तिची पाने पांढरी पडून गळू लागली, तेव्हा थांबवले. नदीत सोडायचा, तर घाटाच्या पायऱ्या आणि त्यांचा गुडघा. दुसऱ्या कुणाला द्यायचा, तर ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. मग दोन माठांतला, दहा-बारा माणसांच्या पाण्यातला रोजचा सगळा साका ते वाटीत खरवडून घेत, त्यावर गरम दूध ओतीत आणि उभ्याने पिऊन टाकीत. माईंना हे माहीत होते. माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होते.

दिवाळीनंतर काकांचे परत बोलून दाखवणे चुकू लागले.

"काका, लायब्ररीत चालले, आठपर्यंत."

"स्टेशन. आठ."

"लायब्ररी, काका."

"तेच म्हटलं मी."

एकदा त्यांनी माझे वाक्य परत म्हटलेच नाही. नुसते पाहत राहिले, आणि पाय आपोआप बाजूला घेतला. मी 'बरोबर' न म्हणता बाहेर पडले. मला सुटल्यासारखे वाटले. माई म्हणत होत्या की दादाला सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, अन्नावर वासना नाही, नुसत्या दुधावर आहे. "वय झालंय, दुसरं काय," असे मी म्हटले. त्यांची ही सगळी लक्षणे मी कानाने ऐकली होती आणि डोक्यात एकमेकांशेजारी ठेवली नव्हती.

मग ती सकाळ आली. गल्लीत आरडाओरडा ऐकून मी गॅलरीतून वाकून पाहिले. काका गल्लीच्या मधोमध उभे होते. अंगात रेल्वेचा निळा स्वेटर, खाली धोतर, आणि उंचावलेल्या हातात त्यांची जुनी बॅटरी, लाल काच पुढे केलेली. त्यांच्यासमोर मणिकर्णिकेकडे निघालेली एक तिरडी थांबली होती. त्या अरुंद गल्लीतून त्यांना वळसा घालून पुढे जाणे शक्य नव्हते.

"लाईन क्लिअर नहीं है," काका म्हणत होते. "किसने छोड़ा? पीछे से किसने छोड़ा?"

"अरे चाचा, हटिए," पुढचा खांदेकरी म्हणाला. "इनको देर नहीं हो रही, हमको हो रही है."

मागे कुणीतरी हसले, कुणीतरी त्याला गप्प केले. मी तीन मजले धावत खाली आले. काकांनी मला पाहिले, पण ओळखले नाही. निदान पाणीवाली म्हणून तरी नाही. त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेले भय होते. आपल्या देखरेखीखाली दोन गाड्या समोरासमोर येत आहेत, असे त्यांना खरोखरच वाटत असावे. मी काय करावे ते मला सुचेना. अखेर मी त्यांच्या बाजूला सरळ उभी राहिले आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटले, "पुढचं स्टेशन बोलतेय. लाईन क्लिअर. गाडी सोडा."

ते काही क्षण ऐकत राहिले. "लाईन क्लिअर," ते म्हणाले. "गाडी सोडा."

"बरोबर."

हात खाली आला. तिरडी आमच्या शेजारून गेली आणि जाता जाता त्या खांदेकऱ्याने मला मान लववली.

रुग्णालयात रक्त तपासले. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "कॅल्शियम इतना? क्या खिला रहे हैं इनको?" रक्तात कॅल्शियम इतके वाढले की माणूस असाच भ्रमिष्ट होतो, मूत्रपिंडे बसू लागतात, आणि उशीर झाला तर शुद्धीवर येत नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितले. गोळ्या? नाहीत. दूध? खूप. पान, चुना?

माईंनी माझ्याकडे पाहिले. "पाण्यात चुन्याची निवळी घालतो तो. पण ते पाणी तर हिनं तपासलंय."

"त्या पाण्यात कॅल्शियम नळापेक्षा कमी आहे," मी ताबडतोब म्हटले. आवाजात दरडावणीही असावी. "मी स्वतः मोजलंय. पाण्यातून हे येणं शक्य नाही."

"तो कहाँ से आया?" डॉक्टरांनी विचारले. त्यांचा प्रश्न साधा होता. त्यात आरोप नव्हता.

माई अगदी हळू म्हणाल्या, "साका खातो ना तो. सगळ्यांचा."

'दोघांचा मिळून. तळाला.' ते माझे वाक्य त्यांनी मला परत म्हणून दाखवले होते आणि मी 'बरोबर' म्हटले होते.

पुढचे तीन दिवस सलाईन चालू होते आणि ते शुद्धीवर येतील की नाही हे कुणी सांगत नव्हते. मी खुर्चीवर बसून आकडेमोड करीत असे: रोज किती पाणी, त्यातून किती खडू, त्यात किती कॅल्शियम, वर दूध किती. आकडा दर वेळी पुरेसा यायचा. आपण जबाबदार आहोत की नाही याची आकडेमोड मात्र एकदाही एकसारखी आली नाही. पाणी मी बरोबर मोजले होते. साका खा असे मी सांगितले नव्हते. पण माणूस ते पाणी कसे वापरतो हे न विचारता 'हरकत नाही' लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिला होता?

चौथ्या दिवशी सकाळी मी आत गेले तेव्हा ते छताकडे पाहत होते. "काका, मी चहा घेऊन येते, दहा मिनिटांत."

त्यांची नजर छतावरून सावकाश माझ्याकडे आली.

"चहा," ते म्हणाले. "दहा."

मला 'बरोबर' म्हणता आले नाही. माईंनी ते माझ्या वतीने म्हटले.

घरी आल्यावर त्यांना सगळे नीट सांगितले. साका बंद, दूध अर्धा पेला, निवळीसुद्धा बंद केलेली बरी. साका बंद हे त्यांनी मान्य केले. दूध मान्य केले. निवळीचे मात्र नाही. "माईची जळजळ गेली. तुला कारण माहीत नाही. मला पण माहीत नाही. जे चाललंय आणि का चाललंय ते माहीत नाही, त्याला हात लावायचा नसतो."

"मग निदान तो कागद काढू द्या," मी म्हटले. मी खळीखाली नख घातलेही होते.

"हात नको लावू." आवाज पूर्वीचा होता. "रिपोर्ट खोटा आहे?"

"नाही."

"मग?"

"अपुरा आहे."

"अधुरा रिपोर्ट फाडत नाहीत. पूरा करतात."

त्यांनी पेन मागवले आणि माझ्या सहीच्या वर, मोकळ्या जागेत, थरथरत्या अक्षरांनी लिहिले: 'फक्त वरचे पाणी.' मग मागे सरून वाचले आणि समाधानाने मान हलवली. मला त्या क्षणी त्यांनी शिवी दिली असती तर सोपे गेले असते. ही क्षमा होती, तांत्रिक दुरुस्ती होती की माझ्यावर ठेवलेला ठपका होता, हे मी विचारू शकले नाही. त्यांच्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी होत्या की नाही, हेही मला माहीत नाही.

त्यानंतर वर्षभरात माझा प्रबंध झाला, परदेशातली जागाही मिळाली. निघताना टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. "काका, जाते. सुट्टीत येईन," मी म्हटले. "जाते. सुट्टीत येणार," ते म्हणाले. मी "बरोबर" म्हटले. पाय निघाला. दोन सुट्ट्या आल्या आणि गेल्या. एकदा परिषद होती, एकदा अर्ज होता.

काका गेल्याचे माईंनी फोनवर कळवले. सकाळी माठातले पाणी ओतून घेता घेता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मणिकर्णिकेवर नेले. मी विचारायला हवे होते की शेवटचे रक्त कधी तपासले, मूत्रपिंडे कशी होती, डॉक्टरांनी कारण काय लिहिले. हे प्रश्न माझ्या जिभेवर तयार होते. मी म्हटले, "माई, तुम्ही जेवता ना वेळेवर?" मी एकही कागद मागितला नाही. ते पुन्हा साका खाऊ लागले होते का, ही शंका मी तशीच ठेवून दिली, आणि ती दोन महिने माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येत-जात राहिली. नमुना गाळायला घेतला की हात थांबायचा. गाळणकागद टाकून देण्याआधी मी त्याच्याकडे पाहत राहायचे आणि काय पाहते आहे हे मला सांगता यायचे नाही.

मग एका दुपारी माईंचा पुन्हा फोन आला. त्या घर आवरत होत्या.

"अगं, तो साका आहे दादाचा. फडताळात. टाकू का गंगेत? तो तर कुणाला हात लावू देत नव्हता, म्हणून तुला विचारते."

साका उरला असेल तर तो किती उरला यावरून सगळे कळणार होते. इतक्या काळात जमलेला किती आणि खाल्लेला किती, हे साधे वजाबाकीचे गणित होते. "किती आहे माई? वाटीभर? अर्धी बरणी?"

"अर्धी? सात बरण्या आहेत. लोणच्याच्या. काठोकाठ, दडपून भरल्यात."

मी मनात गुणाकार केला. बरण्या पुऱ्या पडत होत्या. तो सगळा तिथे होता.

"आणि चिठ्ठ्या लावल्यात प्रत्येकीवर," माई म्हणाल्या. "थांब, चष्मा लावते. वर महिने लिहिलेत. खाली... 'साका. खाल्ला नाही.' त्याच्या खाली, 'तपासणी बाकी.' सगळ्यांवर तेच. आणि शेवटी रेघ मारून जागा सोडलीय. सहीसाठी असेल."

त्यांनी माझे ऐकले म्हणून साका खाल्ला नव्हता, की मी येऊन हरकत नाही म्हणेपर्यंत थांबले होते? त्यांनी मला चूक सुधारायला जागा सोडली होती, की त्यांच्या लेखी मी तेव्हाही बाहेरची तपासनीसच होते, दौऱ्यावर यायला थोडा उशीर झालेली? मला ठरवता येत नव्हते. आजही येत नाही. साक्यात खडू आहे हे मला माहीत आहे, तो तपासायची काहीच गरज नाही.

"मग? टाकू?" माईंनी विचारले.

"नका टाकू. राहू द्या तशाच. मी येते, या महिन्यात."

"टाकत नाही," माई म्हणाल्या. "तू येतेस. या महिन्यात."

इतक्या वर्षांत दादाच्या त्या सवयीवर सगळ्यात जास्त हसल्या होत्या त्या माईच. फोन चालू होता. तिकडे गल्लीतून कुणीतरी ओरडत जात होते, घंटा वाजत होती. त्या थांबून राहिल्या होत्या.

"बरोबर," मी म्हटले.